काळ्या वाळूचे कूळ

पावसाळ्यात सिंधुदुर्गातील तारकर्ली-देवबागच्या पांढुरक्या पुळणीवर काळे पट्टे उघडे पडतात. नवखा पर्यटक त्यांना डांबर समजून वळसा घालतो. तो समज अगदीच निराधार नाही, कारण त्या दिवसांत कोकणच्या किनाऱ्यावर तेलाच्या गुठळ्या खरोखरच वाहून येतात. पण गुठळी बोटाला चिकटते आणि ही वाळू बोटांतून सुळकन निसटते. ओंजळभर उचलली की लक्षात येते ते तिचे वजन. शेजारची तेवढीच पांढरी वाळू तिच्यापुढे फारच हलकी वाटते.

पांढरी वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, विशिष्ट गुरुत्व 2.65. काळ्या कणांतला मोठा वाटा इल्मेनाइट या खनिजाचा. लोह, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांच्या या संयुगाचे विशिष्ट गुरुत्व 4.7 च्या आसपास आहे. त्याच्या सोबतीला मॅग्नेटाइट असते, ते 5.2 चे. पावसाळी लाटा पुळण ओरबाडतात तेव्हा सुपात धान्य पाखडावे तसे घडते: हलके कण पाण्याबरोबर समुद्रात जातात, जड कण जागेवरच राहतात. पावसाळा ओसरला की शांत लाटा पांढरी वाळू परत आणून टाकतात आणि काळा थर तिच्याखाली गाडला जातो. पुळणीत खड्डा खणला तर त्याच्या भिंतीवर काळ्या-पांढऱ्या थरांची उतरंड सहज दिसते.

काळ्या रंगावरून खनिज ओळखता येत नाही, आणि सिंधुदुर्गात तर ही अडचण अधिकच जाणवते. वेंगुर्ले तालुक्यातील रेडीला हेमॅटाइट या लोहखनिजाच्या खाणी आहेत. कणकवलीजवळ जानवली आणि वागदे येथे क्रोमाइट सापडते. किनाऱ्यावर इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट. चारही खनिजे काळी किंवा करडी-काळी, चारही अपारदर्शक, चारही जड. त्यांना वेगळे करायला भूवैज्ञानिक जुन्या, साध्या कसोट्या वापरतात. झिलई नसलेल्या चिनीमातीच्या तुकड्यावर खनिज घासले की जी रेघ उमटते, तिला कस म्हणतात. हेमॅटाइट कितीही काळे दिसो, त्याचा कस तांबडाच येतो. मॅग्नेटाइटचा काळा, क्रोमाइटचा तपकिरी, इल्मेनाइटचा काळा ते तपकिरीसर काळा. दुसरी कसोटी चुंबकाची. खेळण्यातले चुंबक कोरड्या काळ्या वाळूत फिरवले की मॅग्नेटाइटच्या मिशा त्याला लगेच चिकटतात. इल्मेनाइट मात्र बहुतांशी मागे राहते. त्याला उचलायला बरेच शक्तिशाली चुंबक लागते.

कस आणि चुंबक खनिजाचे नाव सांगतात. त्याचे कूळ कळायला मात्र स्फटिकाच्या आत शिरावे लागते, आणि या लेखाचा खरा विषय तोच आहे.

आज खनिजांचे वर्गीकरण आधी रासायनिक घटकांवरून आणि मग अणूंच्या मांडणीवरून होते. जर्मन खनिजवैज्ञानिक ह्यूगो स्ट्रुंट्झ यांनी 1941 साली मांडलेली पद्धत थोड्याफार सुधारणांसह अजून वापरात आहे. तिच्यात एकूण दहा वर्ग आहेत. आपली चारही काळी खनिजे चौथ्या वर्गातली, म्हणजे ऑक्साइडे. पण एका वर्गात बसली म्हणून ती सारखीच जवळची ठरत नाहीत. ऑक्सिजनचे अणू दाटीने रचले की त्यांच्यामध्ये दोन तऱ्हेच्या पोकळ्या राहतात: सहा ऑक्सिजन अणूंनी वेढलेली अष्टफलकी आणि चार अणूंनी वेढलेली चतुष्फलकी. कोणता धातू कोणत्या पोकळीत बसला, यावर घराणे ठरते.

हेमॅटाइटमध्ये लोह फक्त अष्टफलकी पोकळ्यांत असते आणि त्यांपैकी दोन-तृतीयांशच भरते. ही रचना लायनस पॉलिंग आणि स्टर्लिंग हेंड्रिक्स यांनी 1925 साली क्ष-किरणांच्या आधारे निश्चित केली. माणिक आणि नीलम ज्या कोरंडमचे प्रकार आहेत, त्याचीही मांडणी हीच. इल्मेनाइटची रचना 1934 साली बार्थ आणि पॉसन्याक यांनी उलगडली. तिथेही त्याच पोकळ्या, तेवढ्याच भरलेल्या. फक्त एका थरात लोह तर पुढच्या थरात टायटॅनियम अशी पाळी लागलेली. मॅग्नेटाइट आणि क्रोमाइट यांचे घर वेगळे. ती स्पिनेल घराण्यातली, दोन्ही तऱ्हेच्या पोकळ्यांत धातू बसवणारी. मॅग्नेटाइटमध्ये या दोन जागांवरच्या लोह-अणूंचे चुंबकत्व एकमेकांच्या विरुद्ध असते, पण पुरते फिटत नाही. जे उरते त्यामुळेच खेळण्यातले चुंबक त्याला उचलते.

हे समजले की सिंधुदुर्गचा नकाशा वेगळाच दिसू लागतो. पुळणीवर एकाच मुठीत येणारे दोन काळे कण, इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट, ही दोन घराण्यांची माणसे. इल्मेनाइटचा जवळचा भाऊबंद रेडीच्या तांबड्या मातीत आहे, तर मॅग्नेटाइटचा कणकवलीच्या परिसरात.

हे नाते निव्वळ कागदावरचे नाही. उच्च तापमानाला हेमॅटाइट आणि इल्मेनाइट एकमेकांत सहज मिसळतात. सावकाश थंड होताना वेगळी होतात आणि एकाच कणात पातळ पापुद्र्यांच्या रूपात राहतात. परावर्तित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली हे पापुद्रे स्पष्ट दिसतात. 1964 साली बडिंग्टन आणि लिंडस्ली यांनी याच्याही पुढचा टप्पा गाठला. एकाच खडकात शेजारी-शेजारी वाढलेल्या मॅग्नेटाइट-इल्मेनाइटच्या जोडीत टायटॅनियमची वाटणी कशी झाली आहे, ते मोजून ही खनिजे किती तापमानाला आणि किती ऑक्सिजनच्या सान्निध्यात तयार झाली हे काढता येते, असे त्यांनी दाखवले. वाळूत मात्र निरनिराळ्या खडकांतले कण एकत्र आलेले असतात. म्हणून तिथे जोडीने चिकटून राहिलेला कणच उपयोगी पडतो.

हे कण आले कुठून? मोठा भाग सह्याद्रीतून. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये ही काळी खनिजे बारीक कणांच्या रूपात विखुरलेली आहेत. उष्ण, पावसाळी हवेत बेसॉल्ट कुजून जांभा होताना सिलिका आणि चुना धुऊन जातो. लोह, ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम मागे राहतात. गड नदी कालावलच्या खाडीतून आणि कर्ली नदी देवबागजवळ हा माल समुद्राला देतात. जिल्ह्याच्या दक्षिण भागात बेसॉल्टचे आवरण विरळ होत जाते आणि त्याखालचे अधिक जुने ग्रॅनाइटी खडक, क्वार्टझाइट उघडे पडतात. पांढरी वाळू बव्हंशी त्यांची देणगी आहे.

इथे एक प्रश्न विचारण्याजोगा आहे: या वाळूत गंधकाची खनिजे का नाहीत? स्ट्रुंट्झच्या दुसऱ्या वर्गात सल्फाइडे आणि त्यांच्यासोबत सल्फोलवणे येतात. सल्फोलवणांत तांबे, शिसे किंवा चांदीसारखा धातू गंधकाबरोबरच आर्सेनिक, अँटिमनी किंवा बिस्मथ यांच्याशी बांधलेला असतो. टेट्राहेड्राइट हे त्यातले परिचित नाव. राजस्थानातील राजपुरा-दरिबाची खाण अशा खनिजांसाठी अभ्यासकांना ठाऊक आहे. ती बहुधा जमिनीखालच्या उष्ण द्रावणांतून शिरांमध्ये जमतात, ठिसूळ असतात आणि हवा-पाण्याशी गाठ पडली की विघटन पावतात. नदीचा प्रवास आणि लाटांचा मारा सोसणे त्यांना जमत नाही. ऑक्साइडे मुळातच ऑक्सिजनशी बांधलेली असल्याने टिकून राहतात.

इल्मेनाइटची ओळख जगाला झाली तीही काळ्या वाळूतूनच. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील धर्मोपदेशक विल्यम ग्रेगर यांना 1791 साली मॅनॅकन खोऱ्यातील ओढ्याच्या वाळूत लोहाबरोबर एक अनोळखी धातू आढळला. 1795 मध्ये बर्लिनच्या मार्टिन क्लाप्रोट यांना तोच धातू रुटाइल या खनिजात स्वतंत्रपणे मिळाला आणि त्यांनी त्याला टायटॅनियम हे नाव दिले. खनिजाचे नाव रशियातील इल्मेन पर्वतावरून पडले. 1969 मध्ये अपोलो-11 ने चंद्राच्या शांतिसागरातून आणलेल्या बेसॉल्टमध्येही इल्मेनाइट भरपूर निघाले.

शुद्ध इल्मेनाइटमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचे प्रमाण वजनाने सुमारे 53 टक्के भरते. लोह काढून टाकले की उरणारी ही भुकटी इतकी पांढरी असते, की जगभरच्या रंगांत आणि प्लॅस्टिकात तीच वापरतात. रुटाइल रूपात तिचा अपवर्तनांक हिऱ्याहूनही जास्त असतो, म्हणून तिचा पातळ थरसुद्धा खालचा रंग झाकतो. केरळात चवराच्या वाळूवर हा उद्योग उभा राहिला आणि 2011 पासून तिथे टायटॅनियम धातूही तयार होऊ लागला.

कोकणातली शोधाशोध किनाऱ्यावर थांबलेली नाही. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण 120 मीटर खाली होती आणि नद्या आपला गाळ आजच्या किनाऱ्याच्या पुष्कळ पुढे नेऊन टाकत होत्या. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सिद्दीकी, राजमाणिकम आणि आल्मेडा यांनी 1979 साली रत्नागिरीलगतच्या समुद्रतळावरील इल्मेनाइटचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे दक्षिण कोकणातील इतर उपसागरांतही अशी पाहणी झाली.

पुळणीवरची काळी वाळू उपसायची का, हा प्रश्न मात्र खनिजशास्त्रापुरता राहत नाही. देवबागचा दांडा खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर उभा आहे, मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि वेंगुर्ल्याच्या वायंगणी पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. जड वाळू हा पुळणीचा असा भाग आहे, जो पावसाळी लाटांनाही सहज हलवता येत नाही. तोच काढून नेल्यावर उरलेली हलकी वाळू पुढच्या पावसाळ्यात किती तग धरेल, हे आधी मोजले पाहिजे. आणि तशी मोजणी होईपर्यंत ही वाळू आहे तिथेच राहू देणे योग्य.