न घातलेलं यीस्ट
वाकडच्या हॉटेलांत ताजी बिअर मिळते; तिचं यीस्ट पाकिटातलं. काहीही न घालता आंबणारं पेय पाहायला मी वसईला गेलो. माडाच्या छाटलेल्या पोयीतून ठिबकणारा रस गोड असतो. हवेतलं, किड्यांनी आणलेलं, मडक्यात मुरलेलं रानटी यीस्ट त्यात उतरतं आणि काही तासांत माडी होते. मडक्याला आतून चुना फासला, की आंबणं रोखलं जातं; ती नीरा.

१८७८च्या मुंबई अबकारी कायद्यानं सरकारची झाडांवरची पकड घट्ट झाली. १८९२ साली खास कायदा करून ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलंच अडवली. गरिबाचं अन्नही होतं ते!

घरी बिअर करायला कायद्याची आडकाठी, म्हणून मी नाचणीच्या आंबिलीवर थांबलो. तिच्यात यीस्टपेक्षा बॅक्टेरियांचा जोर. तरी मेमध्ये एका रात्री उतू जाऊन ओटा भरला.