पंपाचं बटण किती फिरवायचं?

रेडी परिसरात काजूला पालवी आली की ढेकण्यासाठी फवारणी सुरू होते. पुढे मोहोरावर आणि फळधारणेला पुन्हा. पाठीवरच्या बॅटरी पंपाला वेग कमी-जास्त करायचं गोल बटण असतं. आज आपण त्याविषयीच बोलू.

बटण पूर्ण फिरवलं की काम लवकर उरकेल, असं वाटतं. पण वेग वाढला की दाब वाढतो, थेंब बारीक होतात आणि धुक्यासारखे तरंगतात. मग समुद्रावरचा वारा औषध आपल्याच तोंडावर आणतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी, शेतमजूर दगावले. तेव्हा जास्त दाबाच्या पंपांचीही चर्चा झाली होती. उलट, वेग फार कमी ठेवला तर थेंब जाड पडतात आणि पानावरून ओघळतात.

म्हणून वेग आधी साध्या पाण्यावर ठरवावा. बॅटरी पूर्ण चार्ज करा, बटण मध्यावर ठेवा आणि एक मिनिट बादलीत फवारा सोडून पाणी मापाने मोजा. समजा, 1 लिटर भरलं. एका कलमाला अर्धा मिनिट लागत असेल, तर त्याला अर्धा लिटर पाणी लागतं. म्हणजे 16 लिटरच्या टाकीत 32 कलमं होतात. बटण वाढवल्यावर मिनिटाला सव्वा लिटर येऊ लागलं, तर त्याच चालीने जेमतेम 25 कलमं होतील. बाकीचं औषध वाया, पैसेही वाया.

फवारा पानं भिजवतो पण खाली ठिबकत नाही, अशी जागा सापडली की बटणाशेजारी रंगाची खूण करा. गटातल्या प्रत्येकीला ती दाखवा.

फवारा मध्येच मंदावला तर लगेच बटण वाढवू नका. बॅटरी उतरली असेल किंवा गाळणीत कचरा अडकला असेल. पंप बंद करा, हातमोजे घालून गाळणी आणि नोझल पाण्याने धुवा. नोझल तोंडाने कधीही फुंकू नका. झाड उंच असेल तर लांब दांडी जोडा. वेग वाढवून वर उडवलेलं औषध डोक्यावरच पडतं.

फवारणी सकाळी, वारा पडलेला असताना करा आणि पाठ वाऱ्याकडे ठेवा. औषधाचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, पण ते झाडावर किती पडतं, हे आपल्या हातातलं बटण ठरवतं.