एक ना धड, भाराभर टॅब

आपल्या हॉस्टेलच्या कुठल्याही खोलीत डोकावून बघा. लॅपटॉपच्या स्क्रीनवर वरच्या बाजूला टॅबची इतकी दाटी असते की नावं तर सोडाच, नुसती चिन्हंही धड दिसत नाहीत. गाणं कुठल्या टॅबमध्ये वाजतंय ते शोधण्यातच पाच मिनिटं जातात. का रे बंद करत नाहीस, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, "राहू दे, नंतर वाचायचंय!"

मीही त्यातलाच. पण गेल्या वर्षीच्या पीएलमध्ये मला चांगलीच अद्दल घडली.

झालं असं की पीएल लागली आणि मी घरी, गेवराई तालुक्यातल्या उमापूरला निघालो. आमच्या घरात रेंज हवी असेल तर गच्चीवर जावं लागतं, आणि रोजच्या डेटाचं रेशन वेगळंच. म्हणून आदल्या रात्री हॉस्टेलच्या वाय-फायवर हुशारी केली. कंट्रोल सिस्टीम्सच्या नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका, दोन व्हिडिओ लेक्चर्स असे चौतीस टॅब उघडले, पानं पूर्ण लोड होऊ दिली, झाकण मिटलं आणि लॅपटॉप बॅगेत टाकला. गेवराईला गाडी बदलून संध्याकाळी घरी पोचलो, तोवर बॅटरी संपलेली. चार्जिंगला लावून ब्राउझर उघडला आणि 'रिस्टोअर' दाबलं. चौतीसच्या चौतीस टॅब इमानदारीत हजर! पण क्लिक केलं की आत तो नेट नसल्यावर येणारा डायनोसॉर. चौतीस टॅब, चौतीस डायनोसॉर. पुढचे दोन दिवस गच्चीवर उन्हात फोन धरून गेले. त्या विषयाची बॅक पुढच्या सेमिस्टरला काढली, एवढंच सांगतो.

त्यानंतर हा प्रकार नेमका काय आहे ते समजून घेतलं. तेच आज तुमच्यासमोर मांडतोय.

टॅब म्हणजे नक्की काय?

तुमच्या खोलीतलं टेबल म्हणजे रॅम आणि कॉटखालची ट्रंक म्हणजे हार्डडिस्क असं समजा. उघडलेलं पान टेबलावर असतं. लाईट गेली, बॅटरी संपली की टेबल साफ. ट्रंकेत उरते ती मुख्यतः एक चिठ्ठी. तिच्यावर पानाचं नाव आणि पत्ता. 'रिस्टोअर' केल्यावर ब्राउझर ती चिठ्ठी वाचतो आणि पान पुन्हा नेटवरून मागवायला जातो. नेट नसेल तर डायनोसॉर.

बॅटरी शाबूत असली तरी भरवसा नाहीच. टेबल भरत आलं की ब्राउझर बराच वेळ न पाहिलेले टॅब गुपचूप रिकामे करतो. क्रोममध्ये ही सोय २०१५ साली आली, तर 'मेमरी सेव्हर' २०२२ साली. टॅब वर दिसत राहतो, पण आत काही नसतं. व्हिडिओचं तर विचारूच नका. तो पुढचा थोडाच भाग उतरवून ठेवतो, सगळं लेक्चर नाही.

थोडक्यात, उघडा टॅब म्हणजे जपून ठेवलेलं पान नव्हे. ती फक्त आठवण आहे.

एवढी जागा का खातात?

२००१ साली आलेल्या इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्ये टॅब नव्हतेच. एकावेळी दहा पानं बघायची तर दहा खिडक्या. २००४ च्या फायरफॉक्स १.० मुळे टॅब घरोघरी पोचले आणि २००६ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ७ मध्येही आले. २००८ साली आलेल्या क्रोमने आणखी एक पाऊल टाकलं. बहुतेक टॅबना स्वतंत्र प्रोसेस दिली. फायदा असा की एक टॅब कोलमडला तरी बाकीचे वाचतात. त्याची किंमत रॅममध्ये मोजावी लागते. चार जीबीच्या लॅपटॉपवर टेबल लगेच भरतं आणि मग विंडोज सामान ट्रंकेत हलवायला लागते. रॅम नॅनोसेकंदांत उत्तर देते, हार्डडिस्कला मिलिसेकंद लागतात. आपण ज्याला "हँग झालं" म्हणतो त्याचं एक मोठं कारण हेच.

हे कळूनही आपण टॅब बंद का करत नाही? अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ साली याचा अभ्यास केला. त्यात दिसलं की एकदा नजरेआड झालं की ते परत बघितलंच जाणार नाही, अशी लोकांना भीती वाटते. भीती खरी आहे, पण टॅब हा तिच्यावरचा इलाज नाही.

मग करायचं काय?

१. एका कामाला एक खिडकी. कंट्रोल-एन दाबून प्रोजेक्टची खिडकी वेगळी करा, करमणुकीची वेगळी. काम संपलं की अख्खी खिडकी बंद. एकाच खिडकीत भागवायचं असेल तर टॅबवर राइट क्लिक करून ग्रुप करता येतात. क्रोममध्ये २०२० पासून आणि फायरफॉक्समध्ये २०२५ पासून ही सोय आहे.

२. "नंतर वाचू" म्हणजे बुकमार्क. कंट्रोल-शिफ्ट-डी दाबलं की उघडे सगळे टॅब एकाच फोल्डरमध्ये जातात. फोल्डरला विषय आणि तारीख द्या आणि बिनधास्त बंद करा.

३. गावी जायचंय तर फाईलच हवी. कंट्रोल-पी दाबून पान पीडीएफ म्हणून सेव्ह करा. आणि मुख्य म्हणजे निघण्याआधी वाय-फाय बंद करून ती फाईल एकदा उघडून बघा. मी ही दोन मिनिटांची परीक्षा घेतली असती तर दुसरी परीक्षा वाचली असती!

४. हरवलेला टॅब शोधायला क्रोममध्ये कंट्रोल-शिफ्ट-ए. चुकून बंद झालेला परत आणायला कंट्रोल-शिफ्ट-टी.

५. लॅपटॉप रडायला लागला तर क्रोममध्ये शिफ्ट-एस्केप. कुठला टॅब किती मेमरी खातोय याची यादीच समोर येते. सगळ्यात खादाड टॅब आधी घालवा.

६. शिष्यवृत्तीचा किंवा परीक्षेचा फॉर्म अर्धवट भरून टॅब उघडा ठेवू नका. थोडा वेळ हालचाल नसली की बऱ्याच साइट स्वतःहून लॉगआउट करतात आणि भरलेलं सगळं जातं. लांब मजकूर आधी नोटपॅडमध्ये लिहा, कागदपत्रं जवळ ठेवा आणि फॉर्म एका बैठकीत संपवा.

लॅबमध्ये मात्र जपून

ही सूचना विद्यार्थ्यांना आणि सर-मॅडमनाही. लॅबमधल्या मशीनवर मेल उघडला आणि जाताना नुसता टॅब बंद केला, तर ते पुरेसं नाही. लॉगआउट केलं नसेल तर मागून येणारा कंट्रोल-शिफ्ट-टी दाबून तुमचा मेल जसाच्या तसा उघडू शकतो. आधी लॉगआउट, मग टॅब बंद. इन्कॉग्निटो खिडकी वापरली आणि जाताना बंद केली तर आणखी बरं, कारण तिच्यातले टॅब असे परत येत नाहीत.

शेवटी एक गोष्ट. टॅब बंद करताना स्वतःला विचारा, "हे मी आज वाचणार आहे का?" हो असेल तर लगेच वाचा. नसेल तर ट्रंकेत टाका. आणि दोन्ही नसेल तर सरळ बंद करा, काही बिघडत नाही.

या वर्षी पीएलला उमापूरला गेलो तेव्हा एकही टॅब उघडा नव्हता. एक फोल्डर होतं, त्यात अकरा पीडीएफ. गच्चीवर गेलो तो फक्त वारा खायला.