नदीकाठचे पालम आणि पाण्याचा वाटा

परभणी जिल्ह्यात गंगाखेडहून लोह्याकडे जाताना वाटेत पालम लागते. तालुक्याचे ठिकाण, नगरपंचायत, लहानशी बाजारपेठ. पण पोट शेतीवरच. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी. गावाजवळून लेंडी वाहते. तालुक्यातून गोदावरीही जाते, तिला इकडे हिंदू-मुसलमान सगळेच ‘गंगा’ म्हणतात.

लेंडी तशी लहान नदी. पण पावसाळ्यात एका रात्रीत चढते, पुलावरून पाणी जाते आणि पलीकडच्या गावांचा पालमशी संपर्क तुटतो. दवाखाना इकडे, आजारी माणूस तिकडे. स्पेनमध्ये हुकार नदीकाठी अल्सिरा नावाचे गाव आहे, संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध. अरबांच्या काळात त्याचे नाव ‘अल-जझीरा’, म्हणजे बेट. नदीने वेढलेले म्हणून. लेंडीपलीकडच्या लोकांना हा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

उन्हाळ्यात सगळे उलटे. दिग्रसजवळ गोदावरीवर बंधारा आहे. काठच्या उसाचा जीव त्यात अडकलेला, आणि खाली नांदेड शहराचाही. विष्णुपुरीतले पाणी आटत आले की दिग्रसचे दरवाजे उघडण्याची मागणी होते आणि पालमचे शेतकरी विरोधाला उभे राहतात. चूक कोणाची म्हणायची? नांदेडच्या रोजेदाराला इफ्तारला लागणारा घोट खरा, तसे इकडचे उभे पीकही खरे. वाहत्या नदीवर वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, असे हदीस सांगते. वाचवलेले पाणी कोणाच्या वाट्याला जावे, हा प्रश्न त्याच्या पुढचा. पिण्याचे पाणी आधी, हे शेतकऱ्यालाही कळते. पण किती आणि कधी सोडायचे, हे कार्यालयात ठरते.

अल्सिरापासून जवळच असलेल्या वॅलेन्सिया शहरात दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या दारात पाणी-न्यायालय बसते. तुरिया नदीच्या कालव्यांवरच्या शेतकऱ्यांनी निवडलेले शेतकरीच तिथे न्याय देतात. सारे तोंडी, निकाल जागेवर. ही रीत अरबांच्या काळापासूनची मानतात. २००९ मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. तिथे कालव्याला ‘असेकिया’ म्हणतात, अरबी ‘साकिया’वरून. आपल्या ओळखीचा उर्दू ‘साकी’ त्याच घराण्यातला.

पालमला दर गुरुवारची गरज नाही. दरवाजे उघडण्याआधी एकदा काठच्या गावांतले आणि नांदेडचे चार-चार लोक समोरासमोर बसवून बंधाऱ्यातली पातळी मोठ्याने वाचली, तरी निम्मे भांडण तिथेच मिटेल.