सुईत दोरा ओवता येतो, म्हणून डोळा बरा?

मागे एकदा आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक मावशी सही करता करता थांबल्या. म्हणाल्या, "वहीची रेघ वाकडी दिसतेय गं." मावशींना नऊ वर्षांपासून शुगर आहे. गोळ्या वेळेवर घेतात. पायाला मुंग्या येतात, चढावर दम लागतो, हे त्या वर्षभर सांगत होत्या. आणि आम्ही सगळ्याजणी म्हणत होतो, "वय झालं मावशी, चालायचंच." ही आमची चूक झाली. ती तुमच्याकडून होऊ नये, म्हणून आज बोलतो आहोत.

आम्ही दोघीजणी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी केली आणि आतला पडदा तपासला. पडद्यावर रक्ताचे ठिपके होते, सूज होती. रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन 7.8 आणि बी-12 बरंच कमी. आम्ही विचारलं, "डोळ्याचा आणि रक्ताचा काय संबंध?" डॉक्टर म्हणाले, "अंगातल्या रक्तवाहिन्या काहीही न कापता थेट बघता येतात, अशी जागा म्हणजे डोळ्याचा पडदा."

हा पडदा डोळ्याच्या मागच्या बाजूला असतो. त्याला सतत प्राणवायू लागतो आणि तो केसासारख्या बारीक वाहिन्यांमधून येतो. शुगर वाढलेली राहिली की या वाहिन्या कमकुवत होतात, पाझरतात. मावशींच्या डोळ्याचं मूळ दुखणं हेच. पण प्राणवायू वाहून नेतं ते हिमोग्लोबिन. तेच कमी असेल, तर आधीच अडचणीत असलेल्या पडद्याचे आणखी हाल होतात. रक्त फारच कमी झालं, तर शुगर नसलेल्या बाईच्या पडद्यावरही रक्ताचे ठिपके येऊ शकतात.

आता बी-12. हे आणि पालेभाज्या-डाळींमधलं फोलेट कमी पडलं, की रक्तात होमोसिस्टीन नावाचं द्रव्य वाढतं. ते वाहिन्यांच्या आतल्या अस्तराला त्रास देतं. पडद्यातली शीर तुंबलेल्या बऱ्याच रुग्णांमध्ये ते वाढलेलं आढळलं आहे. पण बी-12 घेतलं की शीर तुंबणारच नाही, असं सिद्ध झालेलं नाही. तेव्हा डोळ्यांसाठी म्हणून मनानेच इंजेक्शनं घेऊ नका. तपासणीत कमी निघालं, तर डॉक्टर सांगतील तसं घ्या.

शुगरसाठी मेटफॉर्मिन ही गोळी अनेकींना असते. ती चांगली गोळी आहे, पण बरीच वर्षं घेतल्यावर काहींचं बी-12 कमी होतं. गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारून बी-12 तपासून घ्यायचं. आणखी एक गोष्ट. सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड असतं, बी-12 नसतं. बी-12 ची कमतरता असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं, तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. म्हणून लाल गोळी घ्याच, पण मुंग्या येत असतील तर तसं सांगा.

2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला. म्हणजे हे एकट्या मावशींचं नाही. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली नसावं.

ताटात काय हवं? पालेभाजी, मटकी, हरभरा, आणि त्यावर लिंबू पिळायचं. आंबटामुळे लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा नको, तासाभराने घ्या. बी-12 पालेभाजीत नसतं. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असतं. घरात दूध येतं, पण आपल्या वाट्याला चहापुरतंच उरतं, हे आपल्याला माहीत आहे. एक वाटी दही स्वतःसाठी बाजूला काढा.

आणि शुगर असेल तर वर्षातून एकदा पडद्याची तपासणी. चष्म्याचा नंबर काढणं वेगळं आणि ही तपासणी वेगळी. पडदा दुखत नाही. मावशी बैठकीच्या आदल्या दिवशीही सुईत दोरा ओवत होत्या. थेंब टाकल्यावर काही तास अंधुक दिसतं, म्हणून सोबत कुणीतरी न्या.

मावशींचे उपचार सुरू आहेत. उरलेली नजर टिकेल, असं डॉक्टर म्हणतात. गेलेली सगळी परत येईलच असं नाही. आता आमच्या गटाच्या वहीत हप्त्याशेजारी दोन नवे रकाने आहेत: हिमोग्लोबिन आणि डोळे तपासल्याची तारीख. दवाखान्याच्या एसटी भाड्यालाही गटातून बिनव्याजी पैसे मिळतात. पुढच्या बैठकीत तुम्हीही ते रकाने आखा. आणि कुणी "मुंग्या येतात" म्हणाली, तर वयावर घालवू नका.