अर्धी पकड

(बचावाची बाजू : लेखांक १४)

आज इराणचा कबड्डीतला बचावपटू फझल अत्राचली आणि त्याचा देश यांवर लिहीन, असं गेल्या रविवारी कबूल केलं होतं. ते आज नाही. सांगलीच्या एका वाचक काकूंचं पत्र आलं आणि बेत फिसकटला. काकू तीन महिने अमेरिकेत मुलाकडे राहून आल्या. तिथे दर रविवारी घरात तिकडचा फुटबॉल लागायचा, त्यामुळे यांनाही तो बघावा लागला. त्या लिहितात, "चेंडू फेकणारा कळतो, घेऊन पळणारा कळतो. पण पुढच्या रांगेत जमिनीला हात टेकून ओणवे राहिलेले ते चार धिप्पाड गडी दर खेपेला नुसती धडक मारतात आणि पडतात. चेंडू काही त्यांच्या हाताला लागत नाही. एवढ्यावर माणसाचा जन्म निघतो का? आणि आपल्या कबड्डीतले कोपरारक्षक म्हणजे तेच का?"

शेवटच्या प्रश्नाने मला घोट्यालाच धरलं.

आधी त्या गड्यांविषयी. बचाव करणाऱ्या अकरा जणांपैकी पुढचे तीन किंवा चार म्हणजे डिफेन्सिव्ह लाइन. समोर चेंडूवाल्या संघाच्या पाच जणांची भिंत, आणि भिंतीमागे चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक. भिंत फोडायची आणि त्याने चेंडू सोडायच्या आत त्याला लोळवायचं, हे या गड्यांचं सर्वांत गाजणारं काम. ते जमलं तर त्याला सॅक म्हणतात. वेळ मिळतो जेमतेम तीन सेकंद. लॉस एंजेलिस रॅम्सचा ॲरन डोनाल्ड या कामातला अलीकडचा सर्वांत मोठा माणूस. वजन सुमारे १२७ किलो, आणि तरीही आपल्या जागेच्या मानाने तो बुटका, हलका धरला जायचा. दहा मोसम खेळला, सर्वोत्तम बचावपटूचा मान तीनदा मिळवला, अजिंक्यपद घेतलं आणि २०२४ मध्ये बत्तिसाव्या वर्षी थांबला.

पण काकूंना जे नुसते धडकताना दिसले ते डोनाल्ड नव्हेत. मधोमध उभा राहणारा नोज टॅकल असतो, दीडशे किलोच्या आसपासचा. त्याने भिंतीतले दोन गडी स्वतःच्या अंगावर घ्यायचे, म्हणजे शेजारच्याला वाट मोकळी होते. शेजारचा आत घुसतो, क्वार्टरबॅकला आडवा करतो, स्टेडियम उसळतं. नोज टॅकल तेव्हा दोघांच्या खाली चेंगरून पडलेला असतो. त्याच्या नावावर काय लागलं? काही नाही.

आता खरी गंमत. सॅकची अधिकृत नोंद तिकडच्या व्यावसायिक लीगने १९८२ पासून ठेवायला सुरुवात केली. 'सॅक' हा शब्द ज्याच्या नावावर सांगतात तो डीकन जोन्स १९७४ लाच निवृत्त झाला होता. म्हणजे ज्याने या कामाचं बारसं केलं, त्याच्या नावावर अधिकृत सॅक शून्य! पुढे हौशी संशोधकांनी जुने सामने आणि कागद धुंडाळून त्याचे १७३.५ मोजले, ते अर्थात अनधिकृत.

हा अर्धा मला फार आवडतो. दोघांनी मिळून क्वार्टरबॅकला पाडलं तर तिकडे दोघांच्या खात्यावर अर्धा-अर्धा सॅक मांडतात. मायकेल स्ट्रहॅनचा २००१ च्या मोसमातला प्रसिद्ध आकडा २२.५. डोनाल्डचा २०१८ चा २०.५. दोघांच्याही आकड्यात तो अर्धा कुणाशी तरी वाटून घेतलेला आहे. करोडोंचे करार ज्यांच्यावर ठरतात, त्या आकड्यांत हा अर्धा लाजत नाही, उघड बसतो.

आणि आपल्याकडे?

गाझियाबादेत मी राहतो त्या वसुंधरेत, घराजवळच्या मैदानावर रविवारी सकाळी कबड्डी चालते. लोणीकडची पोरं मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून येतात, मुरादनगरची दोन-चार असतात. मॅट नाही, भुसभुशीत केलेली माती. परवा तिथे भांडण जुंपलं. लोणीचा एक पोरगा म्हणत होता, "ऐंकल इसने पकड़ी, पर रोका तो मैंने! पॉइंट अकेले इसका कैसे?" गुण लिहिणारा त्याच्याकडे न बघता म्हणाला, "जिसने पहले पकड़ी, उसका."

पोरगं खरं बोलत होतं. ही लेखमाला पहिल्यापासून वाचणाऱ्यांना पुन्हा सांगायला नको, पण नव्यांसाठी : कोपरा म्हणजे बचावाच्या साखळीच्या टोकाचा गडी, आणि मध्यरक्षक त्याच्या आतल्या बाजूचा. आता एक चढाई डोळ्यांसमोर आणा. चढाईपटू बोनस घ्यायला एक पाय बोनस रेषेपलीकडे टाकतो आणि दुसरा हवेत उचलतो. त्या क्षणी त्याचं सगळं वजन एका पायावर असतं. कोपरारक्षक झेप घेऊन तो घोटा धरतो. पण मध्यरेषा तिथून पावणेपाच मीटरवर. ऐंशी किलोचा गडी कोपऱ्याला फरपटत घेऊन, आडवा होऊन हात लांब करतो आणि बोटाचं टोक रेषेला लावतो. ते लागू नये म्हणून मध्यरक्षकाला त्याच अर्ध्या सेकंदात कमरेवर किंवा छातीवर जाऊन आदळावं लागतं. घोटा धरणं ही पकडीची सुरुवात. पकड पुरी करतो तो दुसरा. गुणपत्रकात मात्र नाव पहिल्याचं.

याहून वाईट पुढे आहे. चढाईपटू निसटला, तर ज्या ज्या बचावपटूचा त्याला स्पर्श झाला ते सगळे बाद. मदतीला धावलेला मध्यरक्षकही बाद. म्हणजे पकड फसली तर शिक्षा प्रत्येकाला अख्खी, आणि जमली तर श्रेय एकट्याला. असा व्यवहार मी सावकाराच्या वहीतसुद्धा पाहिलेला नाही.

लोणीच्या पोराला हे जास्त का खुपलं, तेही सांगतो. इकडे दिल्लीभोवतीच्या खेड्यांत गोल मैदानावरची, पंजाबी तऱ्हेची कबड्डीही खेळतात. तिथे पकड करणाऱ्याला जाफी म्हणतात, आणि चढाईपटूला एका वेळी एकाच जाफीने भिडायचं असतं. दुसऱ्याने हात लावला की फाउल. कुस्तीच म्हणा ना. तिथे कोणी अडवलं हा वाद उद्भवतच नाही. ती सवय घेऊन आमच्या आयताकृती मैदानात आलं की साखळीचा खेळ पोरांना अन्यायाचा वाटतो.

मी स्वतः ऐन उमेदीत सांगली जिल्ह्यातल्या स्पर्धांत उजवा मध्यरक्षक होतो. एका तालुका स्पर्धेत आमच्या कोपऱ्याला उत्कृष्ट पकडीचं बक्षीस मिळालं, स्टीलची कळशी. त्याने ती घरी न नेता माझ्या आईच्या हातात ठेवली. हिशेबवहीपेक्षा त्याला जास्त कळत होतं. ती कळशी आजही वसुंधरेच्या घरात आहे आणि आमच्या हिने तिच्यात तांदूळ भरून ठेवलेत.

असो. मोठ्या मैदानावर या. २०१५ मध्ये यू मुम्बाने प्रो कबड्डी जिंकली, तेव्हा कर्णधार अनुपकुमारचं नाव झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण मागे भिंत कोणाची होती? डाव्या कोपऱ्यात सुरेंदर नाडा, उजव्या कोपऱ्यात मोहित छिल्लर, मध्ये जीवाकुमार आणि आपला मुंबईचा विशाल माने. नाडा-मोहित ही जोडी लोकांच्या तोंडी बसली. माने आणि जीवाकुमार आधी रस्ता अडवायचे म्हणून चढाईपटू कोपऱ्याच्या हातात सापडायचा, हे ज्यांनी मॅटच्या कडेला बसून पाहिलं त्यांनाच माहीत. नोज टॅकल आठवला ना, काकू?

आमच्या या भागाचा संघ यूपी योद्धा. २०१८ च्या मोसमात त्यांचे घरचे सामने ग्रेटर नोएडाच्या शहीद विजयसिंह पथिक संकुलात झाले. त्या वर्षी कर्णधार होता मुंबईचा रिशांक देवाडिगा, त्यामुळे आम्ही इकडची मराठी मंडळी घरातलं कार्य असल्यासारखी जमायचो. पण त्या मोसमाचा खरा मानकरी उजव्या कोपऱ्यातला नितेशकुमार. एका मोसमात पकडीचे १०० गुण करणारा तो पहिला बचावपटू. याला तोलायला दुसरा आकडा घ्या. चढाईपटू प्रदीप नरवालने २०१७ च्या मोसमात चढाईचे ३६९ गुण केले होते. चढाईपटू एका दमात दोन-तीन जणांना बाद करून येतो, पकडीला गुण मिळतो एक. मैदानावर तिघे किंवा त्याहून कमी उरले असताना पकड केली तरच दोन. खेळाचं गणितच असं मांडलंय की बचावपटूचा आकडा लहान राहणार. मग तो लहान आकडा तरी नीट वाटून द्यावा की नाही?

भावही आकड्यामागे चालतो. २०१८ च्या लिलावात कबड्डीला पहिल्यांदा एक कोटीचा खेळाडू मिळाला, तो बचावपटू होता, फझल. यू मुम्बाने घेतला. पकडीवाल्यांची मान ताठ झाली. पण त्याच लिलावात चढाईपटू मोनू गोयत १ कोटी ५१ लाखांना गेला आणि दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत फझल खाली सरकला.

जन्म निघतो का, या काकूंच्या प्रश्नाला तिकडचं उत्तर दोन टोकांचं आहे. ब्रूस स्मिथ हा डिफेन्सिव्ह एंड १९ मोसम खेळला आणि त्याचे बरोबर २०० सॅक आहेत. उलट तिथल्या खेळाडूंच्या संघटनेचा हिशेब सांगतो की सरासरी खेळाडूची कारकीर्द तीन-साडेतीन वर्षांत आटोपते. आपल्याकडे लिलावाबाहेरच्या कोपरारक्षकाचा जन्म निघतो तो रेल्वे, पोलीस, सेनादल यांच्या नोकरीवर. आणि नोकरीच्या अर्जाला जोडायला त्याच्याकडे काय असतं? प्रमाणपत्रं. दुसऱ्याने सुरू केलेल्या शेकडो पकडी ज्याने पुऱ्या केल्या, त्याचं प्रमाणपत्र कोण देणार?

जाता जाता एक. भारतातही हा अमेरिकी फुटबॉल व्यावसायिक रूपात येऊन गेला. एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया, २०१२. तिच्या पहिल्या अंतिम सामन्यात पुणे मराठाज आणि दिल्ली डिफेंडर्स समोरासमोर होते. म्हणजे माझं माहेर आणि सासरच. मराठाज जिंकले, ६-०. ज्या खेळात वीस-तीस गुण सहज होतात त्यात साऱ्या सामन्यात फक्त सहा! आपल्याकडच्या पोरांना चेंडू फेकायला शिकवायला वेळ लागला असेल, अडवायला शिकवावं लागलं नसणार, असा माझा तर्क.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. संघाचा गुण एकच राहू द्या, निकालाला हात लावू नका. फक्त खेळाडूच्या खात्यात ती पकड अर्धी-अर्धी मांडा. आकडेमोड अवघड होईल म्हणणाऱ्यांनी डीकन जोन्सचे १७३.५ पुन्हा वाचावेत. आणि काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर : हो, ते आपलेच, पण कोपरारक्षक नव्हेत. ते आपले मध्यरक्षक.

इराण पुढच्या रविवारी, नक्की. तोपर्यंत, तुमच्यापैकी कुणाच्या मंडळाच्या कपाटात तालुका-जिल्हा स्पर्धांची जुनी गुणपत्रकं पडून असतील आणि समासात कुणी पेन्सिलीने दुसऱ्या गड्याचं नाव लिहून ठेवलं असेल, तर मला कळवा. रद्दीत घालू नका.