कडक स्प्रिंग, महाग शॉकअप आणि इतर समजुती

तळवली नाक्यावरून ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडला की एमआयडीसीचा पट्टा सुरू होतो. लेथ, पाइप बेंडिंग, लेझर कटिंग, टिग वेल्डिंग, प्लेटिंग, सगळं दोन-चार किलोमीटरच्या आत. अशा गाळ्यांतून इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं ड्रॉइंगची भेंडोळी घेऊन फिरतात, ती बहुधा बाहा स्पर्धेसाठी. ही स्पर्धा अमेरिकेत 1976 मध्ये सुरू झाली आणि वाहन अभियंत्यांच्या एसएई इंडिया या संस्थेने ती 2007 मध्ये मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला आणली. एका चालकाची, पाइपांच्या सांगाड्याची गाडी विद्यार्थ्यांनी स्वतः बनवायची आणि शेवटी चार तासांच्या एन्ड्युरन्स शर्यतीत दगडमातीतून पळवायची. पेट्रोल गाड्यांना इंजिन ठरवून दिलेलं असतं, सगळ्यांना सारखं आणि छोटं. मग फरक पडतो तो मुख्यतः वजनाने आणि सस्पेन्शनने. पैसा सर्वांत जास्त वाया जातो तोही सस्पेन्शनवरच. त्यामागे काही पक्क्या समजुती आहेत.

पहिली समजूत अशी, की खडबडीत रस्त्याच्या गाडीला स्प्रिंग कडक हवी. हिशेब उलटा आहे. गाडी एक मीटर उंचीवरून खाली आली आणि चाकाला वर सरकायला 100 मिलिमीटर जागा असली, तर तेवढ्यात थांबण्यासाठी गाडीच्या वजनाच्या सरासरी 11 पट जोर सांगाड्यावर येतो. तीच जागा 250 मिलिमीटर असली तर 5 पट. थोडा भार टायर सोसतो, त्याने आकडे बदलतात, पण कल हाच राहतो. गाडी वाचते ती चाकाच्या चालीमुळे, म्हणजे ट्रॅव्हलमुळे. कडक स्प्रिंग ती चाल वापरूच देत नाही. मग चाक सांगाड्याला जोडणाऱ्या आर्मचे वेल्ड तडकतात, बोल्ट वाकतात, आणि मुलं जाड पाइप आणायला निघतात. वजन वाढतं, पुन्हा स्प्रिंग कडक करावी लागते. या चक्रात अडकलेला संघ स्पर्धेपर्यंत बाहेर येत नाही.

स्प्रिंग बदलायचीच असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. वेढे तेवढेच, वेढ्याचा व्यास तोच, फक्त तार 10 ऐवजी 11 मिलिमीटर घेतली, तर स्प्रिंग 46 टक्के कडक होते. “थोडीशी जाड तार द्या” असं दुकानात सांगणं म्हणजे वेगळीच गाडी मागणं.

“चांगला शॉकअप बसवला की झालं” ही समजूत सर्वांत महागात पडते. आधी दोन कामं वेगळी करू. वजन तोलते स्प्रिंग, शॉकअप फक्त हेलकावा मारतो. चाकाच्या हालचालीतली ऊर्जा तो तेलातून उष्णतेत बदलतो. चार तास सतत आदळणाऱ्या गाडीत तेल तापतं, पातळ होतं, फेसाळतं आणि शॉकअप ढिला पडतो. आयात केलेल्या रेसिंग शॉकला शेजारी गॅसची डबी असते ती याचसाठी. गुण खरा आहे, किंमतही खरी आहे. पण शॉकअप आर्मवर कुठे बसवला, यावर त्याचं निम्मं काम ठरतं.

समजा आर्म 400 मिलिमीटर लांब आहे आणि शॉकअपचा खालचा बोल्ट सांगाड्यापासून 200 मिलिमीटरवर आहे. शॉकअप सरळ उभा धरला, तर चाक 250 मिलिमीटर वर जाताना तो 125 मिलिमीटर दबतो. इथवर सगळ्यांना पटतं. शॉकअपवर चढवलेल्या स्प्रिंगचा चाकाला जाणवणारा कडकपणा मात्र निम्मा नसतो, पाव असतो, कारण हे गुणोत्तर दोनदा लागू होतं, एकदा बलाला आणि एकदा अंतराला. बोल्ट 40 मिलिमीटर बाहेर सरकवला तर 0.25 चे 0.36 होतात. स्प्रिंगला हात न लावता चाक 44 टक्के कडक. शॉकअप तिरका बसवला की हिशेब आणखी बदलतो. शॉकअप आधी मागवायचा आणि मग मिळेल त्या जागी ब्रॅकेट मारायचं, हा क्रम मला अस्वस्थ करतो, कारण महिन्याभराची वर्गणी त्या एका ब्रॅकेटवर जाते. शॉकअप परदेशीच हवा असंही नाही. ऐरोली पुलापलीकडे मुलुंडला 1961 साली स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियाचा पहिला कारखाना होता. शॉकअप ही या परिसराला नवी वस्तू नाही. नीट बसवलेला देशी शॉकअप चुकीच्या जागी बसवलेल्या परदेशी शॉकअपपेक्षा चांगला चालू शकतो.

चारही चाकं स्वतंत्र असलेलं सस्पेन्शन नेहमीच श्रेष्ठ, असंही म्हटलं जातं. 1985 मध्ये आलेल्या मारुती जिप्सीला पुढे-मागे अखंड ॲक्सल आणि पाट्यांच्या कमानी होत्या. याच गाडीने हिमालयातल्या रॅल्या गाजवल्या. 2023 मध्ये भारतात आलेल्या जिम्नीतही ॲक्सल अखंडच आहेत, फक्त पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आल्या. एक चाक दगडावर चढलं की अखंड ॲक्सल दुसरं चाक खाली दाबतो, म्हणून गोव्यातल्या पावसाळी रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या चिखलाच्या, संथ स्पर्धेत तो उपयोगी पडतो. वेगात मात्र त्याचं वजन नडतं. डकार रॅलीच्या वरच्या गटात 2022 पासून चाकाला 350 मिलिमीटर चाल मिळाली, आणि त्या गाड्यांची चारही चाकं स्वतंत्र असतात. तेव्हा आधी वेग ठरवावा, मग रचना.

क्रोमोली, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाचा पाइप कमी वाकतो, हे साफ चूक. सगळ्या पोलादांची ताठरता जवळपास सारखीच असते. क्रोमोली अधिक भार सोसून मूळ आकारात परत येतो, एवढंच. ताठरता व्यासातून मिळते. 25.4 मिलिमीटर व्यासाचा, 3 मिलिमीटर जाडीचा पाइप मीटरला सुमारे 1.66 किलो भरतो. 29.2 व्यासाचा, 1.65 जाडीचा पाइप 1.12 किलो, आणि वाकायला दोन्ही सारखेच. क्रोमोलीचा पैसा वसूल होतो तो इथे. पातळ भिंतीवर येणारा जादा ताण तो सोसतो.

आता खर्चाबद्दल. सुट्या भागांची बेरीज म्हणजे सस्पेन्शनची किंमत, असं धरून अंदाजपत्रक बनतं. बाहाच्या नियमांत खर्चाचा अहवाल वर्षाला 4,000 गाड्या बनतील असं मानून करण्याची पद्धत होती. विद्यार्थी मात्र एकच गाडी बनवतात. लेथवाल्याला मशीन लावायला एका नगासाठी जेवढा वेळ लागतो तेवढाच पन्नास नगांसाठी लागतो, त्यामुळे चाकाचा हब धरणाऱ्या एका अपराइटचा दर ऐकून धक्का बसतो. दर वाजवी असतो, नग कमी असतात. डावे-उजवे मिळून जेवढे नग लागतील तेवढे, वर एक-दोन जादा, एकाच वेळी टाकावेत. वेल्ड करताना भाग जागेवर धरून ठेवणाऱ्या जिगचा खर्च तर बहुतेक अंदाजपत्रकांत नसतोच. जिगशिवाय वेल्ड केलेला आर्म गरम होऊन ओढला जातो, डाव्या-उजव्यात काही मिलिमीटरचा फरक पडतो, आणि सगळं कापून पुन्हा. पाइपाचे, वेल्डिंगचे, रॉड एंडचे पैसे दोनदा जातात.

गावातली जीप उंच करून रस्त्यावर फिरवणाऱ्यांसाठी एवढंच: मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असे फेरफार मोकळेपणाने करू देत नाही. शर्यतीची गाडी शर्यतीच्या मैदानात.

शॉकअप मागवण्याआधी एक तपासणी करावी, तिला जॅक, टेप आणि दोन माणसं पुरतात. सांगाडा स्टँडवर ठेवा, स्प्रिंग लावूच नका. जॅकने चाक खालून वर न्या आणि दर 25 मिलिमीटरला टो, म्हणजे चाक आत-बाहेर किती वळलं आहे ते, मोजा. टाय रॉड आणि आर्म एकाच केंद्राभोवती फिरत नसतील तर चाक वर जाताना आपोआप वळेल, आणि उडीनंतर टेकताच गाडी बाजूला खेचेल. टाय रॉडचं टोक तात्पुरतं टॅक वेल्डवर ठेवलेलं असेल, तर ते ग्राइंडरने सोडवून पाच मिलिमीटर खाली घ्यायला दहा मिनिटं लागतात.